खान्देशातून विमानाने जाताना पॉइंट कुठल्या कंपनीचे जमवायचे? नवीन माणसासाठी पहिल्यापासून

मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला हा प्रश्न सोपा असतो, घराजवळच विमानतळ, तिथून ज्या कंपनीची विमानं जास्त तिची मेंबरशिप घ्यायची आणि विषय संपला. आपल्याकडे तसं नाहीये. भुसावळचा माणूस कधी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतो तर कधी अजिंठ्यामार्गे संभाजीनगर, शिरपूरवाल्याला इंदूर सोपं, नवापूरवाल्याला सुरत, आणि जळगावचं स्वतःचं विमानतळ आहे पण तिथून सगळीकडे जाता येत नाही. त्यामुळे इंटरनेटवरचे सल्ले (बहुतेक दिल्ली-बेंगळुरूच्या लोकांनी लिहिलेले) आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. घरच्यांची, नातेवाइकांची तिकिटं काढता काढता आणि पॉइंटांचा पाठपुरावा करता करता जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय, म्हणजे निदान तुमचा वेळ वाचेल.

आधी दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या ठेवा, कारण नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. पॉइंट म्हणजे जमवून पुढचं तिकीट काढायचं चलन, कोणी त्याला माइल्स म्हणतं कोणी आणखी काही. आणि स्टेटस म्हणजे सिल्व्हर, गोल्ड वगैरे दर्जा, त्यात जास्तीची बॅग, लाउंज, आधी बोर्डिंग असं मिळतं. स्टेटस मिळवायला वर्षभरात बराच प्रवास लागतो आणि तो बहुतेक ठिकाणी ठरावीक मुदतीनंतर पुन्हा मिळवावा लागतो. वर्षातून एक-दोनदा उडणाऱ्याने स्टेटसचा विचार सोडूनच द्यावा, त्याच्या कामाचे फक्त पॉइंट. कंपनीच्या कामासाठी महिन्याला ये-जा असेल तर मात्र स्टेटस खरंच उपयोगी पडतं.

## १. तुमचं खरं विमानतळ कोणतं ते ठरवा

जवळचं विमानतळ आणि तुमचं विमानतळ या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. कागद घ्या, गेल्या दोन वर्षांत घरातलं कोण कुठून कुठे उडालं ते लिहा आणि पुढच्या दोन वर्षांत कोण कुठे जाणार आहे (मुलगी बेंगळुरूला नोकरीला लागली, भाऊ दुबईत आहे, नातवंडं अमेरिकेत आहेत) तेही लिहा. ज्या विमानतळाचं नाव सगळ्यात जास्त वेळा येईल ते तुमचं. बऱ्याच घरांत ते मुंबई निघतं, जरी मुंबई चारशे किलोमीटर लांब असली तरी.

भागाप्रमाणे साधारण असं दिसतं:

जळगाव शहर, भुसावळ, जामनेर: अजिंठा-सिल्लोड-फुलंब्रीवरून संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ, साधारण दीडशे-एकशे साठ किलोमीटर. नाहीतर रेल्वेने मुंबई. रावेर, यावल, मुक्ताईनगरवाल्यांना बऱ्हाणपूरमार्गे इंदूरही जमतं.

चाळीसगाव, भडगाव, पाचोरा: कन्नडचा घाट चढला की संभाजीनगर. घाटात पावसाळ्यात दरड कोसळून किंवा ट्रॅफिक जाम होऊन खोळंबा होतो, म्हणून पहाटेच्या विमानाला त्या रस्त्याने ऐनवेळी निघू नका.

धुळे, साक्री, शिंदखेडा: मुंबई-आग्रा हायवेवर नाशिकचं ओझर विमानतळ. हे लक्षात ठेवा की ओझर हे नाशिक शहराच्या अलीकडे लागतं, धुळ्याहून येताना नाशिकच्या ट्रॅफिकमध्ये शिरावंच लागत नाही, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि ते विनाकारण मुंबईचा विचार करत बसतात.

शिरपूर, चोपडा: त्याच हायवेने उलट दिशेला, बिजासनचा घाट आणि सेंधवा ओलांडून इंदूर.

नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा: सुरत. ताप्ती लाइनची रेल्वे आहे, रस्ताही आहे.

आणि मुंबई सगळ्यांना समान. मध्य रेल्वेने जाणाऱ्यांसाठी एक चांगला बदल झालाय, मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि तिला दादरला स्टेशन आहे, विमानतळाच्या टी वन आणि टी टू या दोन्ही टर्मिनलना वेगळी स्टेशनं आहेत. दादरला मेट्रोसाठी पश्चिमेला यावं लागतं, म्हणून बॅगा जड असतील किंवा सोबत म्हातारं माणूस असेल तर ठाण्याला उतरून टॅक्सी केलेली बरी. नवी मुंबईचं विमानतळही २५ डिसेंबर २०२५ पासून चालू झालंय, त्यामुळे तिकिटावर नुसतं मुंबई वाचून थांबू नका, कुठलं विमानतळ आणि कुठलं टर्मिनल हे बघाच.

## २. जळगाव विमानतळावर पूर्ण भिस्त ठेवू नका

हे लिहिताना मलाच वाईट वाटतं कारण आपलं विमानतळ चालावं असं मनापासून वाटतं, मिळेल तेव्हा तिथूनच उडावं असंही वाटतं. पण मेंबरशिप निवडताना भावना बाजूला ठेवाव्या लागतात. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कन आली, ती थांबली, मग ट्रूजेट आली, ती कंपनीच बंद पडली, आणि २०२४ मध्ये फ्लाय नाइन्टीवन आणि अलायन्स एअर. इथली उड्डाणं उडान योजनेतून (लहान शहरं विमानाने जोडायची केंद्राची योजना) आली. उडानमध्ये मार्ग तोट्यात जाऊ नये म्हणून कंपनीला जी मदत मिळते ती साधारण तीन वर्षांची असते, ती संपली की मार्ग टिकेल की नाही हे प्रवासी किती यावर ठरतं. छोटी, पंख्याची एटीआर विमानं, मोजके मार्ग, वेळापत्रक बदलणारं. अशा ठिकाणच्या एका कंपनीवर पाच वर्षांचं गणित बांधता येत नाही.

दुसरं म्हणजे फ्लाय नाइन्टीवनने गेलात तर त्याचे पॉइंट इंडिगोत किंवा एअर इंडियात पडत नाहीत. अलायन्स एअरबद्दल तर अजूनही लोकांचा समज आहे की ती एअर इंडियाचीच. तशी होती, पण जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली आणि अलायन्स एअर सरकारकडेच राहिली, आता दोघींचा कारभार वेगळा आहे.

तेव्हा जळगावहून सोयीचं विमान असेल तर जरूर जा, वेळ वाचतो, फक्त पॉइंट कुठे जमवायचे हे ठरवताना तो प्रवास हिशोबात धरू नका.

## ३. देशातल्या प्रवासासाठी दोनच नावं

खरी निवड दोघांतच आहे.

इंडिगो ब्लूचिप. इंडिगोची ही मेंबरशिप २०२४ मध्ये सुरू झाली. संभाजीनगर, ओझर, इंदूर, सुरत, मुंबई या पाचही ठिकाणी इंडिगो आहे, देशातल्या प्रवाशांपैकी साठ टक्क्यांच्या वर तिच्याकडे आहेत. म्हणजे खान्देशातला माणूस कुठल्याही दिशेला निघाला तरी शेवटी इंडिगोतच बसायची शक्यता जास्त. ज्यांचा प्रवास फक्त देशात आहे, पुणे-बेंगळुरू-हैदराबाद-दिल्ली असा, त्यांनी फार डोकं न लावता हीच मुख्य धरावी. कमी काय तर इंडिगो कुठल्याच जागतिक अलायन्समध्ये (विमान कंपन्यांचा गट, एकीने उडून दुसरीच्या खात्यात पॉइंट घेता येतात) नाही.

एअर इंडिया महाराजा क्लब. आधी याचं नाव फ्लाइंग रिटर्न्स होतं, २०२५ मध्ये महाराजा क्लब झालं. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा क्लब विस्तारावाले मेंबरही इकडेच आले, तेव्हा जुनं विस्तारा खातं असेल तर आधी ते शोधा, नवीन उघडून दोन खाती करू नका. याची ताकद म्हणजे एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. म्हणजे सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्तान्सा, युनायटेड, टर्किश, एअर कॅनडा यांच्या विमानात बसलात तरी महाराजा क्लबचा नंबर देऊन पॉइंट घेता येतात. गोल्ड आणि त्याच्या वर असाल तर स्टार गोल्डचे फायदे या सगळ्या कंपन्यांत.

आपल्या आसपासच्या लहान विमानतळांवर एअर इंडियाची विमानं कमी, आणि कधी कधी मार्ग एअर इंडिया एक्सप्रेसकडे दिलेला असतो. ही वेगळी कंपनी आहे. नाव सारखं, मालक एकच, पण तिकीट एक्सप्रेसचं असेल तर नियम तिचे, बॅगेचं वजन तिचं, पॉइंटचा हिशोबही तिचा. सुरत आणि इंदूरहून गल्फकडे जाणाऱ्या आपल्या लोकांचा बऱ्याचदा हिच्याशीच संबंध येतो. बुक करायच्या आधी विमान नंबरापुढची अक्षरं बघा: एआय म्हणजे एअर इंडिया, आयएक्स म्हणजे एक्सप्रेस, सिक्स ई म्हणजे इंडिगो.

## ४. परदेशात कुणी असेल तर गणित बदलतं

इथे जरा सावकाश वाचा, पैसे इथेच वाचतात किंवा वाया जातात.

एका उड्डाणाचे पॉइंट एकाच खात्यात पडतात. लुफ्तान्साने जर्मनीला गेलात तर ते पॉइंट लुफ्तान्साच्या खात्यात घ्या, नाहीतर एअर इंडियाच्या, नाहीतर युनायटेडच्या, पण एकातच. म्हणून बसणार कुठल्या कंपनीत यापेक्षा जमा कुठे करायचे हा निर्णय महत्त्वाचा. सगळ्या वाफ्यांत थोडं थोडं पाणी सोडलं तर एकही वाफा भरत नाही, तसंच हे.

आणि आपल्याकडचा नेहमीचा प्रवासी म्हणजे दोन-तीन वर्षांतून एकदा मुलाकडे जाणारे आई-वडील. त्यांच्यासाठी पॉइंट किती मिळतात यापेक्षा ते किती दिवस जिवंत राहतात हे बघा. सिंगापूरच्या क्रिसफ्लायरचे माइल्स ३ वर्षांनी जातात, मधे प्रवास केला तरी जुने ते जुनेच. एमिरेट्सच्या स्कायवर्ड्सची मुदतही साधारण ३ वर्षं. कतार आणि ब्रिटिश एअरवेजच्या पॉइंटांना एव्हिओस म्हणतात, तिथे ३६ महिन्यांत खात्यात काहीतरी हालचाल झाली की मुदत पुढे सरकते. एअर फ्रान्स-केएलएमचं फ्लाइंग ब्लू २ वर्षांचं, एअर कॅनडाचं एरोप्लॅन १८ महिने हालचाल नसेल तर जातं. आणि युनायटेडच्या मायलेजप्लसचे माइल्स २०१९ पासून मुदतीविना आहेत. त्यामुळे माझं स्पष्ट मत असं आहे की आई-वडील स्टार अलायन्सच्या वेगवेगळ्या कंपन्यांनी अधूनमधून अमेरिकेला जाणार असतील आणि देशात एअर इंडियाने फारसं फिरत नसतील तर त्यांच्यासाठी मायलेजप्लसचं खातं उघडा, पाच वर्षांनी सुद्धा माइल्स तिथेच असतील. पण ते दरवर्षी एअर इंडियानेच जात असतील तर महाराजा क्लब.

गल्फमार्गे जाणाऱ्यांनी मुंबईहून कोण स्वस्त पडतं ते बघून ठरवावं. एमिरेट्स आणि एतिहाद कुठल्याच मोठ्या अलायन्समध्ये नाहीत, कतार वनवर्ल्ड या अलायन्समध्ये आहे. कतारने जात असाल तर एव्हिओस चांगले, कारण कतार, ब्रिटिश एअरवेज, इबेरिया, फिनएअर यांच्यात ते एकमेकांकडे हलवता येतात.

अजून एक, घरगुती टप्पा आणि परदेशी टप्पा एकाच तिकिटावर असेल तर बरं. संभाजीनगर-दिल्ली एका कंपनीचं, दिल्लीच्या पुढे दुसरीचं, अशी दोन सुटी तिकिटं घेतली की पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी वाट बघत नाही, जबाबदारीही घेत नाही आणि नवीन तिकीट स्वतःच्या खिशातून. दोन-तीनशे पॉइंटांसाठी ही जोखीम घेऊ नका. सुटी तिकिटं घ्यावीच लागली तर मधे एक रात्र ठेवा. मुंबईपर्यंत रेल्वेने येत असाल तरी तेच, गाडी लेट होणार असं धरूनच निघायचं.

## ५. खातं उघडताना काय लागतं

मेंबरशिप फुकट असते, पैसे मागितले तर समजा काहीतरी गडबड आहे. हाताशी हे ठेवा:

- पासपोर्ट (नसेल तर आधार, पण परदेशी जायचं असेल तर खातं पासपोर्टवरच्या नावानेच)
- स्वतःचा मोबाइल नंबर, जो पुढची पाच-दहा वर्षं बदलणार नाही
- स्वतःचा ईमेल, ज्याचा पासवर्ड घरात कुणाला तरी माहीत आहे
- जुनी तिकिटं आणि बोर्डिंग पास, अलीकडच्या प्रवासाचे असतील तर

आता नावाचं सांगतो, कारण आपल्याकडची निम्मी भांडणं नावावरूनच. गावात सगळे जिभाऊ म्हणतात, आधारवर ज्ञानेश्वर, पासपोर्टवर ज्ञानेश्वरच्या पुढे वडिलांचं नाव जोडलेलं, तिकिटावर ते दोन्ही एकत्र चिकटून एक लांबलचक शब्द झालेला. चौधरी, महाजन, सोनवणे यांची इंग्रजी स्पेलिंगं तर प्रत्येक कागदावर वेगळी. लग्नानंतर बायकांचं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं, पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा. मेंबरशिपमधलं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळलं नाही तर पॉइंट आपोआप पडत नाहीत. म्हणून पासपोर्टच्या पानावर जे अक्षर तेच अक्षर खात्यात, गिव्हन नेमच्या जागी तेच, सरनेमच्या जागी तेच. ताई-वहिनींनी पासपोर्ट नवीन नावाने करायचं ठरवलं असेल तर आधी पासपोर्ट, मग खातं.

प्रत्येक माणसाचं वेगळं खातं लागतं. तिकिटाचे पैसे तुम्ही भरले म्हणून आईच्या प्रवासाचे पॉइंट तुमच्या खात्यात येत नाहीत, ते प्रवास करणाऱ्याचेच. काही कंपन्यांत कुटुंबाचे पॉइंट एकत्र करायची सोय आहे, उदाहरणार्थ एमिरेट्स, कतार, ब्रिटिश एअरवेज. घरात चार-पाच जण उडणारे असतील तर ती सोय आधी बघा. दोन वर्षांखालच्या बाळाला पॉइंट मिळत नाहीत.

## ६. बुक करताना, आणि एजंटकडून करताना

आपल्याकडे अजूनही बरेच जण ओळखीच्या एजंटकडून तिकीट काढतात, त्यात वाईट काही नाही, अडीअडचणीला तो माणूस उपयोगी पडतो. पण त्याला तीन गोष्टी आठवणीने सांगा. एक, माझा मेंबर नंबर तिकिटात टाक. दोन, मोबाइल आणि ईमेल माझाच टाक, तुझा नको. एजंट सवयीने स्वतःचा नंबर टाकतात, मग विमानाची वेळ बदलल्याचा मेसेज त्याला जातो आणि आपण विमानतळावर जाऊन उभे. तीन, हे भाडं कुठल्या बुकिंग क्लासचं आहे ते विचार.

हा बुकिंग क्लास म्हणजे तिकिटावर असलेलं एक इंग्रजी अक्षर. इकॉनॉमीच्या एकाच रांगेतल्या दोन माणसांचं अक्षर वेगळं असू शकतं. कंपनी स्वतःच्या खात्यात बहुधा भरलेल्या मूळ भाड्यावर पॉइंट देते (टॅक्स आणि विमानतळाच्या फीवर नाही), पण दुसऱ्या कंपनीच्या खात्यात जमा करायचे असतील तर या अक्षरावर ठरतं, आणि सगळ्यात स्वस्त अक्षरांना कधी पाव, कधी काहीच नाही. पॉइंटसाठी तिकीट काढत असाल तर आधी त्या कंपनीच्या वेबसाइटवर पार्टनरचा तक्ता (कुठल्या दुसऱ्या कंपनीच्या कुठल्या अक्षराला किती पॉइंट) बघा. टूर कंपनीच्या ग्रुप तिकिटांवर, मग ती यात्रेची असोत की उमराहची, पॉइंट बहुधा मिळत नाहीत.

आणि भाव आधी, पॉइंट नंतर. सोयीच्या वेळेचं विमान दीड हजाराने स्वस्त असेल तर तेच घ्या, दुसऱ्या कंपनीचं का असेना.

## ७. क्रेडिट कार्ड

बँका विमान कंपनीच्या नावाचं कार्ड देतात. दर महिन्याला पूर्ण बिल भरायची सवय असेल तरच घ्या, कारण बिल थकलं तर त्या महिन्याचं व्याज त्या महिन्याच्या पॉइंटांपेक्षा जास्त होतं. वार्षिक फी विचारा. साध्या कार्डाचे पॉइंट विमान खात्यात हलवता येत असतील तर पॉइंटवर मिळणारी सीट दिसल्याशिवाय हलवू नका, एकदा गेलेले परत येत नाहीत.

## ८. पॉइंट वापरायचे कसे

फुकट तिकीट म्हणतात पण टॅक्स भरावाच लागतो. म्हणून साधा हिशोब करा. समजा रोख तिकीट ६,००० रुपये आणि पॉइंटवर ८,००० पॉइंट अधिक १,५०० रुपये टॅक्स. म्हणजे ४,५०० रुपये वाचले, भागिले ८,०००, एका पॉइंटला साधारण ५६ पैसे. दुसऱ्या तारखेला हाच हिशोब ३० पैसे आला तर त्या दिवशी रोख भरा. दिवाळी, उन्हाळी सुट्टी, लग्नसराईत रोखीचे भाव चढतात, तेव्हा पॉइंटवर सीट मिळाली तर किंमत चांगली येते, फक्त तशा सीटा मोजक्याच असतात, तारीख पक्की झाली की लगेच शोधा. पॉइंट देऊन मिक्सर, हेडफोन असल्या वस्तू घेऊ नका, किंमत फार कमी मिळते.

तुमचे पॉइंट आज संपणार, ओटीपी सांगा, असा फोन आला तर ठेवून द्या. घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही हे आधीच सांगून ठेवा, पॉइंट चोरले जातात आणि त्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी तिकीट निघतं.

## ९. पॉइंट पडले नाहीत तर

दोन-तीन आठवडे थांबा, पार्टनर कंपनीचं उड्डाण असेल तर जरा जास्त. तरी नाही आले तर खात्यात लॉगिन करून मिसिंग पॉइंटचा फॉर्म भरा. त्यात सहा अक्षरांचा पीएनआर आणि बहुधा १३ आकड्यांचा तिकीट नंबर लागतो, एअर इंडियाचा ०९८ ने सुरू होतो. पीएनआर आणि तिकीट नंबर एकच नाहीत, फॉर्म परत येण्याचं हे नेहमीचं कारण. बोर्डिंग पासचा फोटो घरी पोचल्यावर लगेच काढून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं हळूहळू पुसट होतात. मागणी करायची मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी आणि ती महिन्यांतच मोजलेली असते, तेव्हा अमेरिकेहून परत आल्यावर बॅगा उघडल्या की त्याच आठवड्यात आई-वडिलांची दोन्ही खाती उघडून बघा.